अर्ध्या सुईची गोधडी

माझी आत्या नवा शर्ट आधी उलटा करून बघते. आत माणूस असला तरी. "जरा हात वर कर," म्हणते, आणि समोरचा हात वर करेपर्यंत तिची दोन बोटं काखेतल्या शिवणीवरून फिरून आलेली असतात. मग निकाल. "इथे टाका सुटलाय. दोन धुण्यांत जाईल." माणूस बिचारा कौतुकाच्या आशेने आलेला असतो.

कपड्यांच्या कारखान्यात तिने अडतीस वर्षं काढली, त्यातली पस्तीस चेकर म्हणून. पांढरं टेबल, डोक्यावर दोन ट्यूबलाइट, उजवीकडे शर्टांचा ढीग, डावीकडे दोन टोपल्या. चांगला शर्ट निळ्या टोपलीत. खोट असलेल्या शर्टाला, जिथे खोट असेल नेमकी तिथेच, लाल धाग्याची एक गाठ, आणि मग तो लाल टोपलीत. तोंडाने काही बोलायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. धागा बोलतो.

काका म्हणतात, "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला पण लाल धागा लागला. दुरुस्तीला कुणी नेलं नाही म्हणून आहे तसाच पडून आहे."

"पडून आहात हे खरं," आत्या म्हणते.

निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने तिला चादरींचा जोड दिला. घरी येऊन तिने तो उलगडला, काठावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला. एका चादरीच्या कडेला तीन टाके निसटले होते. मॅनेजर म्हणाले, "अहो, ही तुमची भेट आहे." ती म्हणाली, "म्हणूनच सांगतेय. गिऱ्हाईकाला गेली असती तर?"

त्या कारखान्यात एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी सुई मिळायची नाही. तुकडे वहीत चिकटपट्टीने जुळवून लावायचे, कागदावर अख्खी सुई दिसली पाहिजे. एखादा तुकडा मिळाला नाही तर त्या टेबलावरचा सगळा माल बाजूला काढायचा. आत्याच्या टेबलावरून पस्तीस वर्षांत किती सुया बाहेर गेल्या, असं विचारलं तर ती विचार करायला थांबत नाही. "एकही नाही," म्हणते आणि हातातलं काम पुढे चालू.

घरी बसून चार महिने झाले तेव्हा काकांच्या सगळ्या शर्टांची बटणं तिसऱ्यांदा लावून झाली होती. मग कुणीतरी तिला लाँड्रीच्या वरच्या खोलीबद्दल सांगितलं. तिथे मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पाच-सहा बायका जमून बालगृहातल्या मुलांसाठी हाताने गोधड्या शिवतात. खाली जुनी चादर, वर शर्टांचे आणि पडद्यांचे चौकोन, मध्ये दोन थर, आणि त्या सगळ्यांतून बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी. खोली लाँड्रीवाल्याने फुकट दिलेली. खालच्या इस्त्रीची ऊब फरशीतून वर यायची, त्यामुळे थंडीतही पायांत मोजे लागायचे नाहीत.

पहिल्याच दिवशी आत्याने पिशवीतून लाल रीळ काढलं.

दुसऱ्या आठवड्यात तिचं नाव "लालधागा" पडलं. तोंडावर मात्र "चेकरबाई".

"चेकरबाई, ही ओळ वाकडी आहे हे मला मान्य आहे," बेकरीवाली म्हणायची. ही बाई गल्लीच्या टोकाची बेकरी चालवते. दंड माझ्या मांडीएवढे, आवाज त्या दंडांना शोभेल असा. "पण लेकरू गोधडी पांघरून झोपणार आहे का पट्टी घेऊन ओळी मोजणार आहे?"

"वाकडी ओळ आधी उसवते. मग आतले थर गोळा होतात. मग लेकराच्या पाठीला गोळे लागतात."

"माझ्या आईने शिवलेल्या गोधडीत गोळेच गोळे होते. त्यावर झोपून मी एवढी झाले."

"तेच म्हणतेय मी."

सगळ्या हसायच्या, बेकरीवाली सगळ्यांत मोठ्याने. पण उसवायचं म्हटलं की हसणं बंद. थंडी तोंडावर आली तेव्हा भिंतीवरच्या दोन फळ्यांची वाटणी अशी होती: वरच्या फळीवर चौदा गोधड्या, आत्याने पास केलेल्या, घडी इतकी नेटकी की उलगडायची भीती वाटावी. खालच्या फळीवर लाल गाठी मारलेल्या अकरा. त्या उसवून पुन्हा शिवायला कुणी तयार नव्हतं. बायकांनी जणू संपच केला होता, फक्त तो कुणी जाहीर केला नव्हता.

आणि मग त्या मंगळवारी, खोली बंद करायची वेळ झाली असताना, बेकरीवाली म्हणाली, "मोडली."

"तुकडे?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"एक आहे माझ्या हातात."

"दुसरा?"

"दुसरा गोधडीत असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पोटात नाही एवढं नक्की. पीठ मळून मळून हात असे झालेत, सुईला वाटतं मी तिला पण मळतेय." तिने नेढ्याकडचा अर्धा तुकडा पुढे केला. "नवी द्या ना. शेवटची ओळ मध्येच राहिलीय."

"दुसरा तुकडा मिळू दे."

"चेकरबाई, हा कारखाना नाही."

"म्हणून तर. कारखान्यात मोठ्या माणसांचे शर्ट होते."

यावर बेकरीवालीने वाद न घालता गोधडी पुढे सरकवली. हे विरळा.

आत्याने गोधडी टेबलावर पसरली आणि दोन्ही तळवे दाबत कडेपासून मध्यापर्यंत नेले. नाही लागली. टोकाकडचा तुकडा थरांत कुठेतरी शिरला होता. ती खाली वाकली, नाक कापडाला लागेल इतकी.

"तुम्हाला दिसतं तरी का नीट?" बेकरीवालीने विचारलं. "परवा तुम्ही मला समजून कपाटाशी बोलत होतात."

"कपाट निदान मध्ये बोललं नाही."

पण दिसत नव्हतं, हे खरं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी वर्षभर मागे लागून गुरुवारी तपासणीला यायची वेळ दिली होती. ऑपरेशनचं नाव काढलं की आत्या म्हणायची, "बघू." घरी मला एकटीला तिने एकदा सांगितलं होतं, "पस्तीस वर्षं डोळ्यांवर भाकरी खाल्ली, आता त्यातच कुणी सुई घालणार म्हणतो."

खालून लाँड्रीवाल्याने हाक मारली, शटर ओढायचं होतं. आत्याने त्या गोधडीच्या कोपऱ्यात एकाऐवजी दोन लाल गाठी मारल्या. "दोन म्हणजे सुई," बेकरीवालीला सांगितलं. "गुरुवारी मी नाही. शनिवारी उजेडात बघू, घरून लोहचुंबक आणते." आणि गोधडी खालच्या फळीवर ठेवली. बारावी.

मोडक्या सुईचा अर्धा तुकडा तिने इथेही ठेवलेल्या तशाच एका वहीत चिकटवला आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली.

शनिवारी मी तिच्याबरोबर होते, कारण गुरुवारच्या तपासणीनंतर डोळ्यांत घालायला दिलेल्या औषधाने तिला आणखीच धूसर दिसत होतं आणि जिना अंधारा आहे. दार उघडं होतं. नर्सबाई आधीच येऊन चौकोन कापत बसल्या होत्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, टापटिपीच्या. गटात येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

आत्याला फळ्या नीट दिसल्या नाहीत. तिने हाताने चाचपून पाहिलं. वरची फळी भरलेली. खालच्या फळीवर तिचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडावरूनच गेला.

"नर्सबाई, इथल्या कुठे आहेत?"

"गेल्या की," नर्सबाई म्हणाल्या. "गुरुवारी. बालगृहाची गाडी तीनला यायची ती दीडलाच आली, मी एकटीच होते. बारा हव्या होत्या त्यांना. आणि बघा योगायोग, लाल दोऱ्याच्या बरोब्बर बाराच होत्या."

"लाल दोऱ्याच्या दिल्यात."

"हो. तयार झालेल्या."

"तयार?"

नर्सबाईंनी कातर खाली ठेवली. "आमच्याकडे वॉर्डात उकळून झालेल्या गाठोड्याला लाल दोरा असायचा. लाल म्हणजे निर्धोक, बिनधास्त वापरा."

"लाल म्हणजे नापास," आत्या म्हणाली.

"हे कुठे लिहिलंय?"

आत्याने भिंतीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं जे सगळ्यांना माहीत होतं ते लिहायचं कशाला, असं तिला वाटलं असणार.

"आणि तुम्हाला सगळ्या लालधागा म्हणतात," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं मानाने म्हणतात. पास करणाऱ्या म्हणून."

बेकरीवाली तेवढ्यात जिना चढून आली होती. ती दारातच उभी राहिली. "सुईवाली पण गेली?"

आत्याने रिकाम्या फळीवर हात ठेवला, तेव्हा तिला कळलं.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "सुई? कुठली सुई?"

"तुमची चूक नाही," आत्या म्हणाली. "ती गोधडी मी घरी न्यायला हवी होती. फळीवर ठेवली ती मी. फोन लाव गं."

मी फोन लावला आणि मोठा आवाज ठेवून टेबलावर ठेवला. बालगृहातल्या ताईने उचलला.

"ताई, गुरुवारी आलेल्या गोधड्यांत एक दोन लाल गाठींची आहे, कोपऱ्यात. ती आधी बाजूला काढा."

"दोन गाठींची कुठली?"

"एकच आहे."

"एक कशी? सगळ्यांनाच दोन आहेत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, जणू फोन मी चुकीचा लावला होता.

"अहो, गोधड्या आल्या तेव्हा एकीलाच दोन होत्या," ताई सांगत होती. "मग बाकीच्यांनी डोकं उठवलं. हिला दोन आणि आम्हाला एक का? आमच्याकडे एकाला एक आणि एकाला दोन असं चालत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून जेवणं अडतात. मी माझ्या डब्यातला लाल दोरा काढला आणि अकरा जणांना एकेक गाठ मारून दिली. शांत झाली बिचारी. आता आधीची दोनवाली कुणाची होती ते मलाही आठवत नाही."

बेकरीवाली खुर्चीवर बसली. खुर्ची कुरकुरली.

"त्यातल्या एकीत अर्धी सुई आहे," आत्या म्हणाली.

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी गोळा करते," ताई म्हणाली. "तुम्ही या."

बसमध्ये बेकरीवालीने एक गाठोडं मांडीवर घेतलं होतं, मी एक. आत्याने वरच्या फळीवरच्या चौदापैकी बारा बरोबर घेतल्या होत्या. "त्या बारा परत आणायच्या, या द्यायच्या," ती म्हणाली. "सगळ्याच. सुईवाली एक, पण बाकीच्याही नापासच आहेत. त्या माझ्या हाताखालून जायलाच नको होत्या." तिच्या पर्समध्ये जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक होता, काकांच्या मोज्यात घातलेला. सगळा रस्ताभर ती पर्स पोटाशी धरून बसली. दोनदा मला विचारलं, कुणाला लागलं असतं तर ताईने सांगितलं असतं ना. मी दोनदा हो म्हटलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "लहान मुलं सगळं सांगत नाहीत."

बालगृहाची झोपायची खोली लांबट होती. बारा लोखंडी खाटा, सहा इकडे सहा तिकडे. खिळ्यांना टॉवेल. दाराशी चपला-बुटांची ओळ, त्यातले बरेच पायांपेक्षा मोठे. ताई दारातच भेटली. तिने गोधड्या एका टेबलावर रचून ठेवल्या होत्या.

आत्याने हातानेच मोजल्या. "अकरा आहेत."

"बारावी नाही देत," ताई म्हणाली आणि शेवटच्या खाटेकडे मान केली. खाटेखाली काहीतरी रंगीत होतं. "गुरुवारपासून पाठीवर घेऊनच फिरतेय. जेवायला पण तशीच. मुलांनी गोगलगाय नाव ठेवलंय. मी ओढायला गेले असते तर किंचाळली असती, म्हणून म्हटलं तुम्ही येईपर्यंत हलू नकोस, तेवढं ऐकलंय."

"आधी या बघते," आत्या म्हणाली. "यात निघाली तर तिला त्रासच नको."

ती खुर्चीवर बसली. मुलं भोवती जमली. आत्या एकेक गोधडी मांडीवर घ्यायची, तळव्याने दाबत जायची, मग त्याच वाटेने मोज्यातला लोहचुंबक फिरवायची. पहिली झाली.

"पास?" समोरचे दोन दात पडलेल्या एका मुलीने विचारलं. 'पास'मधला स शिट्टीसारखा आला. ताईने फोनवरचं बोलणं त्यांच्यापासून लपवलं नव्हतं.

"पास," आत्या म्हणाली. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "सुईपुरती पास. ओळ वाकडी आहे."

"माझी सुईपुरती पास," त्या मुलीने सगळ्यांना सांगितलं.

मग प्रत्येकाला तेच हवं झालं. अकराव्या गोधडीपर्यंत "सुईपुरती पास" हा त्या खोलीतला सगळ्यांत मोठा हुद्दा झाला होता.

"आणि आता ऐका," आत्या म्हणाली. बेकरीवालीने गाठोडी सोडली. "या नव्या आहेत. सरळ ओळींच्या. या घ्या आणि तुमच्या मला परत द्या."

मुलांनी नव्या गोधड्या पाहिल्या. हात लावून पाहिल्या. दात पडलेलीने कोपरे चारी बाजूंनी तपासले, अगदी आत्या तपासते तसे.

"याला लाल गाठ नाही."

"चांगल्याला नसतेच."

"मग धुऊन आल्यावर कळणार कसं, कुणाची कुठली? माझी गाठ हिरव्या चौकोनावर आहे. त्याची बटणपट्टीवर आहे. सगळ्यांची वेगळीकडे आहे."

गाठी वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, कारण चुका वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. ती बेकरीवालीकडे वळली. बेकरीवाली खिडकीतून बाहेर बघत होती, फार मन लावून.

"बरं," आत्या म्हणाली. "ते नंतर." आणि उठून शेवटच्या खाटेपाशी गेली.

तिचे गुडघे दुखतात. फरशीवर बसायला तिला खाटेच्या दांड्याला धरून तीन टप्पे लागले. ताई खुर्ची आणायला निघाली तशी आत्याने हातानेच नको म्हटलं.

"मी गोधडी दे म्हणणार नाही," ती खाटेखाली बघत म्हणाली. "तुझ्या अंगावरच राहू दे. मी वरून नुसता हात फिरवते."

"का?" आतून आवाज आला.

"तिच्यात अर्धी सुई आहे."

"माहितीये."

ताईने तोंडावर हात नेला. आत्या आणखी खाली वाकली.

"कुठे आहे?"

"सांगितलं तर घेऊन जाल."

मी तिच्या जागी असते तर लगेच नाही म्हटलं असतं. आत्याने नाही म्हटलं नाही.

"घेऊन जायलाच आले होते मी," ती म्हणाली. "नवी आणलीय, ती देऊन ही नेणार होते."

"मला नवी नको. तिकडे पण नवी दिली होती, मग परत घेतली." तिकडे म्हणजे आधीच्या जागी, ते ताईने आम्हाला नंतर सांगितलं.

"बरं. मग मी सुई घेऊन जाते, गोधडी तुझ्याकडे. उसवायला थोडं लागेल. एक टोक तू धर. मी ओढतेय असं वाटलं की तू पण ओढ."

आत हालचाल झाली. आधी गोधडी बाहेर आली, मग तिच्याखालून मुलगी. सात-आठ वर्षांची असेल. तिने एका बाजूचा काठ मुठीत पक्का धरला आणि दुसऱ्या हाताने पिवळ्या चौकटींचा एक तुकडा दाखवला. "इथे. काठापासून तिसऱ्या ओळीत. दाबायचं नाही, मग टोचत नाही." बोटाच्या टोकावर दोन बारीक खपल्या होत्या. "पहिल्याच दिवशी लागली. मग मी हा कोपरा पायाकडे घेतला आणि बाहेर दुमडला."

आत्याने मोज्यातला लोहचुंबक त्या तुकड्यावर नेला. कापड आतून टुक झालं.

"ताईला का नाही सांगितलंस?"

मुलीने नुसते खांदे उडवले. त्याचं उत्तर ती आधीच देऊन बसली होती.

आत्याने बारीक कातरीने चार बोटं ओळ उसवली, दोन बोटं आत घातली आणि तुकडा बाहेर काढला. टोकाचा अर्धा. बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. मग पर्समधून वही काढून तिने मुलीपुढे धरली. पानावर वरचा अर्धा तुकडा चिकटवलेला, शेजारी मोकळी जागा.

"मला नीट दिसत नाहीये. जुळते का बघ."

मुलीने वाकून, जीभ दातात धरून तुकडा ठेवला, सरकवला, परत ठेवला. "जुळली."

"अख्खी दिसते? मध्ये फट?"

"नाही. अख्खी."

आत्याने श्वास सोडला. माझ्या शेजारी बेकरीवालीनेही सोडला, पण तिचा सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"आता सुई ओवून दे," आत्या म्हणाली. मुलीने पहिल्या झटक्यात दोरा ओवला. काठ मात्र सोडला नाही, एका हाताने सुई आणि दातात दोऱ्याचं टोक. आत्याने उसवलेली चार बोटं शिवायला घेतली. तिचं शिवणं मी लहानपणापासून बघत आले आहे. हात तोच होता, लयही तीच. गाठ मारली, दोरा तोडला, बोटाने ओळ दाबली.

"वाकडं आलं," मुलगी म्हणाली.

"अगं," ताई म्हणाली, "असं आजींना..."

"थांबा. कुठे?"

"इथनं इथपर्यंत. वर चढलंय."

आत्याने नखाने ओळ चाचपली. हळूहळू, मग उलट्या दिशेने. "चढलंय," ती म्हणाली आणि कातरीकडे हात नेला.

मुलीने गोधडी स्वतःकडे ओढली. ठरल्याप्रमाणे. "उसवू नको, आजी."

"वाकडं आहे ना?"

"आहे."

"मग?"

मुलीने आत्याच्या पर्सजवळ पडलेलं लाल रीळ घेतलं, हातभर दोरा तोडला आणि ओळ जिथून वर चढली होती नेमकी तिथे गाठ मारली. मोठी, बेढब, तीनदा फिरवून. "आता राहू दे."

आत्याने त्या गाठीवर बोट ठेवलं. पस्तीस वर्षांत तिच्या कामाला कुणी धागा लावला नव्हता. तिने कातर पर्समध्ये टाकली.

"ताई," मागून दात पडलेलीचा आवाज आला. "तिला तीन झाल्या. आम्हाला दोनच."

ताईने कपाळाला हात लावला. आत्याने तिला रीळ देऊन टाकलं.

आम्ही बाराच्या बारा नव्या गोधड्या परत घेऊन निघालो. शेजारच्या बालगृहाला हव्या आहेत, असं ताई म्हणाली, पण त्याआधी त्यांना ओळखीच्या गाठी मारायला हव्यात.

"बारा नापास गोधड्या मागे ठेवून आलात," बसमध्ये बेकरीवाली म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

"सुईपुरत्या पास आहेत."

"आणि तुमचा टाका?"

"नापास. पोरीने बरोबर पकडलं. चार बोटांत इतकं वर." तिने बोटांनी दाखवलं. मग ती समोरच्या सीटची शिवण बघत होती, किंवा बघायचा प्रयत्न करत होती. उतरायच्या आधी मला म्हणाली, "त्या डॉक्टरला फोन कर. ऑपरेशनची तारीख घे."

मंगळवारी खोलीच्या भिंतीवर पुठ्ठा लागला. अक्षर नर्सबाईंचं. "लाल गाठ म्हणजे चूक. दोन गाठी म्हणजे सुई. विचारल्याशिवाय देऊ नये." त्याखाली बेकरीवालीने पेन्सिलीने लिहिलं, "तीन गाठी म्हणजे चेकरबाई." आत्याने ते वाचून दाखवायला लावलं आणि पुसू दिलं नाही.

वरच्या फळीवरच्या चौदा गोधड्या टेबलावर आल्या. प्रत्येकीला एक लाल गाठ मारायची होती, ओळखीसाठी, प्रत्येकीला वेगळ्या जागी. चूक नसताना गाठ कुठे मारायची हे आत्याला ठरवता येईना. पहिल्या गोधडीवर ती पाच मिनिटं धागा हातात धरून बसली. शेवटी नर्सबाईंनी डोळे मिटून बोट ठेवलं आणि तिथे मारली.

मग आत्याने वही उघडली. मोडलेल्या सुईच्या पानावर तीन रकाने असतात: कुणाकडून मोडली, तुकडे किती, कुणी शोधले. मी लिहायला बसले, ती सांगत होती.

"बेकरीवाली. दोन. आणि तिसऱ्यात लिही, गोगलगाय."

"नाव नाही विचारलंस?"

"पुढच्या खेपेला विचारते. आता दर महिन्याला जाणार आहे मी, तपासायला."

नर्सबाईंनी चौकोन कापता कापता विचारलं, "चेकरबाई, पस्तीस वर्षांत तुमच्या टेबलावरून किती सुया गेल्या हो?" त्यांनी हे आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून सहज विचारलं. बाकीच्या बायकांच्या सुया थांबल्या.

"एक," आत्या म्हणाली. "परत आली."

"अर्धी," बेकरीवाली म्हणाली. "उगाच वाढवून सांगू नका. आणि ती अर्धी मिळालीय, तर माझी नवी द्या. शनिवारपासून हात रिकामे आहेत."

"मंगळवारपासून," आत्या म्हणाली, डबी उघडली, आणि बोटांनी चाचपून एक सुई काढून तिच्या तळहातावर ठेवली.